अक्षरांना वाचक हवा



सोलापूर जिल्ह्यात भीमा व सीना या नद्यांच्या संगमावर हत्तरसंग-कुडल हे क्षेत्र आहे. तेथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधील शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत प्राचीन ज्ञात शिलालेखांत त्याची गणना होते. त्यातील मराठी ओळीचा आशय अभ्यासकांनी असा लावला आहे की, हा लेख जो वाचील तो विजयी होवो. परंतु पुढे हा आशीर्वाद घेणारा वाचकच उरला नाही. अखेर सोलापूरचे व्यासंगी संशोधक आनंद कुंभार यांनी हा लेख उजेडात आणला.

योजून घडविलेल्या लिपीची कथाही याहून फारशी निराळी नाही. महानुभाव पंथीयांनी आपले मराठी ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत जतन केले. ग्रंथांचे पावित्र्य राखले गेले. पण लीळाचरित्रासारख्या तेराव्या शतकातील गद्य ग्रंथाला इतर मराठी समाज दीर्घकाळ पारखा झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, तेव्हा हे दालन खुले झाले. याउलट, वॉर्साचे नेत्रवैद्य झामेनहॉफ यांनी १८८७ साली एस्पेरांतो ही नवरचित भाषा प्रसिद्ध केली, ती सर्वांना शिकता यावी म्हणूनच. तिच्या पाठीशी कोणतेही राज्य नाही. तरी शिकणारे आहेत, म्हणून ती आजही बोलली जाते.

तात्पर्य, भाषा प्राचीन असो वा नवनिर्मित, तिचे सांस्कृतिक मोल वाचकाच्या हाती असते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मान्य केला. दर्जा शासन देऊ शकते. वाचक मात्र गावानेच घडवावयाचा असतो.

सोलापूरच्या भूमीत कन्नड व संस्कृत लेखही आहेत. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात आपली वचने कन्नडमध्येच रचली. तेव्हा परक्या अक्षरांचा म्हणून कोणताही दगड टाकाऊ ठरू नये. जीर्णोद्धाराच्या उत्साहात कोरीव अक्षरांवर रंग चढतो, शिळा पायरीत किंवा जोत्यात जाते, आणि गावाचा पुरावा कायमचा नाहीसा होतो. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी ग्रामपंचायतीने अशा प्रत्येक शिळेची नोंद व छायाचित्र करून पुरातत्त्व विभागास कळवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तेथे न्यावे व अक्षरे दाखवावीत. हत्तरसंग-कुडलचा आशीर्वाद त्यांच्यासाठीच आहे.