इंग्रजीच्या तासाला विचारायचा प्रश्न

(बीड जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)

आपल्या शिबिराच्या विषयपत्रिकेवर हिंसाचार आहे, रेशन आहे, ऊसतोड आहे, पाणी आहे. त्यांच्या रांगेत 'मुली आणि इंग्रजी साहित्याचे शिक्षण' हा विषय पाहून काहीजणींना हसू आले असेल. जिथे मुलगी दहावीपर्यंत टिकवताना आपण मेटाकुटीला येतो, तिथे शेक्सपियर कुठून आला? प्रश्न रास्त आहे. मी इंग्रजीची प्राध्यापिका नाही. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केले आणि याच जिल्ह्यात काम करते. तालुक्याच्या गावी कला शाखेत शिकणाऱ्या मुलींबरोबर काम करताना जे दिसले, तेच आज मांडते आहे.

बी.ए.ला इंग्रजी दोन वाटांनी येत आले आहे. एक सक्तीचे, ते सगळ्यांना. दुसरे ऐच्छिक, म्हणजे इंग्रजी साहित्य हा आपण निवडायचा विषय. सक्तीच्या इंग्रजीत विषय राहिला की मुलीचे बी.ए. तिथेच थांबते, कारण पुन्हा फॉर्म भरायला घरून पैसे मिळत नाहीत. ऐच्छिक इंग्रजी घेते म्हटले, तर 'जड जाईल, गृहशास्त्र घे' हा सल्ला ठरलेला. त्याच घरातला मुलगा मात्र इंग्रजी माध्यमाच्या शाळेत रिक्षाने जातो, आणि मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चालत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचे. पण इंग्रजी पहिलीत आले म्हणून ते सगळ्या लेकरांना सारखे मिळाले, असे झाले नाही.

त्यात आपला जिल्हा ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि महाविद्यालयातली पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी त्याच दिवसांच्या आसपास येते. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय सुटका नाही. आईबाप कोयत्यावर गेले की मुलगी एकतर धाकट्या भावंडांना सांभाळायला फडावर जाते, नाहीतर गावात आजीपाशी राहते. वयात आलेली पोर मागे ठेवायची भीती, म्हणून तिचे लग्न उरकले जाते. मग तीच पोर पुढच्या हंगामात नव्या कोयत्याची जोडीदार होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर १०० स्त्रियांमागे ४० हून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. या सगळ्यातून वाट काढत जी मुलगी बी.ए.च्या वर्गात येऊन बसते, तिला तिथे काय मिळते?

बहुतेक वेळा गाईड मिळते. धड्याचा सारांश पाठ, प्रश्नाचे उत्तर पाठ, निबंधही पाठ. 'माय एम इन लाइफ' या निबंधात शंभर मुली एकाच शब्दांत सांगतात की मला डॉक्टर होऊन गरिबांची सेवा करायची आहे. त्यातल्या कितीजणींना सहा महिन्यांनी सासरी जायचे आहे, हे त्या कागदावर कुठेच नसते. इंग्रजीचा पेपर सुटतो, पण मुलीने आयुष्यात इंग्रजीचे एकही वाक्य स्वतःचे म्हणून लिहिलेले नसते.

म्हणून आमच्या वाचन गटात आम्ही एक नियम केला. पाठ केलेले काही नको, स्वतःबद्दल पाच वाक्ये लिहायची, चुकली तरी चालतील. एकीने लिहिले, 'आय वॉज मॅरीड ॲट सिक्स्टीन.' व्याकरण बरोबर होते. पण शेजारची म्हणाली, 'अगं, कर्मणी प्रयोगात शेवटी बाय अमुक असं येतं ना? ते कुठंय?' पहिली गप्प बसली. मग तिने वाक्य खोडून नवीन लिहिले. माझ्या वडिलांनी आणि चुलत्यांनी मी न पाहिलेल्या माणसाशी माझे लग्न लावले, असा त्याचा अर्थ होता. नंतर ती म्हणाली, 'मराठीतही मी नेहमी माझं लग्न झालं असंच म्हणते. झालं, जसा पाऊस झाला.'

मैत्रिणींनो, कर्ता कोण, हा प्रश्न व्याकरणाच्या तासाचा खराच, पण तो तिथेच संपत नाही. 'स्टोव्हचा भडका उडून भाजली' या वाक्यात कर्ता स्टोव्ह असतो. अशी वाक्ये आपण पंचनाम्यांत किती वाचली आहेत! साहित्य नीट शिकवले तर ते हीच सवय लावते. गोष्ट कोण सांगते आहे, कुणाला बोलूच दिलेले नाही, कोणता शब्द काय झाकतो आहे, हे विचारायची सवय. नुसत्या 'स्पोकन इंग्लिश'च्या क्लासात ती लागत नाही. तिथे मुलाखतीला कसे बसायचे ते शिकवतात, आणि नोकरीसाठी त्याचीही गरज आहे, हे मी नाकारत नाही. पण समोरच्या कागदाला प्रश्न विचारायला तिथे शिकवत नाहीत.

आणि कागद तर आपल्या बायकांच्या शरीरापर्यंत पोहोचलेला आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. या बायका आपल्या पिशवीतून जुने कागद काढून दाखवतात, तेव्हा त्यावर 'हिस्टेरेक्टॉमी' हा शब्द असतो, खाली अंगठा किंवा सही असते, आणि संमतीचा मजकूर अनेकदा इंग्रजीत असतो. सही तिची, वाक्य दुसऱ्याचे.

याच बाबतीत २००८ साली सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आला. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईची संमती घेऊन काढले गेले होते. न्यायालयाने म्हटले की रुग्ण सज्ञान असेल आणि जीव वाचवण्याची तातडी नसेल, तर तिची स्वतःची, समजून उमजून दिलेली संमतीच हवी. किती मोलाचा निकाल! पण तोही इंग्रजीत. राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे. म्हणजे बाईचा हक्क ज्या भाषेत लिहिला, त्याच भाषेत तो तिच्यापासून दूरही राहिला.

काही कार्यकर्त्या म्हणतात, इंग्रजी ही वरच्यांची भाषा, आपण मराठीसाठी लढावे. जरा आपल्या जिल्ह्याचा इतिहास पाहू. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. कारभार उर्दूत चाले. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. दोष उर्दूचा नव्हता, ती आजही आपल्या कितीतरी मैत्रिणींची घरची भाषा आहे. दोष हा की मराठी बोलणाऱ्या कुणब्याला स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर कारभाराची भाषा बदलली, पण कागद दुसऱ्याकडून वाचून घेण्याची पाळी बाईवरून टळली नाही. तेव्हा लढाई मराठी विरुद्ध इंग्रजी अशी नाही. सत्तेचा व्यवहार ज्या भाषेत होतो, तिथपर्यंत बाईला पोहोचू द्यायचे की नाही, ही ती लढाई आहे.

आपल्या आधीच्या बायकांना हे चांगले कळले होते. सावित्रीबाई फुले यांच्या १८५४ सालच्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिका असे सांगणारी कविता आहे. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लावले गेले होते. त्यांनी नांदायला जायचे नाकारले, तेव्हा नवरा न्यायालयात गेला. त्या काळात, १८८५ साली, त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्ध इंग्रजीतून पत्रे लिहिली, ती 'अ हिंदू लेडी' या सहीने. १८८७ साली नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असा हुकूम झाला, तर त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे त्या इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या. नाव झाकून लिहिण्याची पाळी इंग्रज बाईलाही चुकली नव्हती. शार्लट ब्राँटी यांची 'जेन एअर' १८४७ साली करर बेल या टोपणनावाने निघाली. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की इंग्रजी कादंबरी आपल्या मुलींना परकी वाटत नाही.

पण रखमाबाईंच्या घरात पुस्तके होती आणि पाठीशी उभे राहणारे डॉक्टर सावत्र वडील होते, हेही विसरू नका. आपल्या मुलींच्या घरात ते नाही. तो आधार संघटनेने द्यायचा आहे.

आणि इंग्रजी साहित्य म्हणजे फक्त गोऱ्यांचे साहित्य, हाही समज सोडला पाहिजे. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि उर्मिला पवार यांचे 'आयदान' ही दोन्ही पुस्तके माया पंडित यांनी इंग्रजीत नेली. दोन्ही अनुवाद २००८ साली निघाले. आम्ही गटात मराठी पान आणि इंग्रजी पान शेजारी ठेवून वाचतो. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुली तिथे अनुवादाला तपासू लागतात. 'हा शब्द इंग्रजीत पुरा उतरला नाही,' असे एखादी ठामपणे म्हणते, तेव्हा ती भाषेपुढे वाकून उभी नसते.

आता कामाचे बोलू. पहिले, प्रत्येक तालुक्याच्या गावी महिन्यातून दोनदा असा वाचन गट चालवू. एक पान साहित्याचे आणि एक पान दवाखान्याच्या, बँकेच्या किंवा कोर्टाच्या कागदाचे. दुसरे, ऊसतोडीला जाणाऱ्या मुलींची हजेरी आणि परीक्षा यांचा वेगळा विचार व्हावा व त्यांना वसतिगृहात जागा मिळावी, यासाठी विद्यापीठाकडे आणि समाजकल्याण खात्याकडे निवेदने देऊ. तिसरे, शस्त्रक्रियेचे संमतीपत्र बाईला समजेल त्या भाषेत लिहून आणि वाचून दाखवलेच पाहिजे, ही मागणी लावून धरू. सगळ्या बायका इंग्रजी शिकेपर्यंत त्यांची गर्भाशये थांबणार नाहीत. चौथे, या मुलींनी लिहिलेली वाक्ये, मराठी असोत वा इंग्रजी, आपल्या अंकात छापू, त्यांना हवे असेल तर नाव न देता.

आणि पाचवे काम घरचे. यंदा शाळेत नाव घालताना मुलाला एक शाळा आणि मुलीला दुसरी असे होत असेल, तर तिथे आपणच विचारायचे, हे ठरवले कुणी?