घराचा कागद आणि न बोलणारा वकील



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी तो सांगताना थोडा अडखळलो. वसंतातली सायंकाळ, बाहेर मोगऱ्याचा वास, आणि मी बोलणार सातबारा, फेरफार आणि वकिलाची फी यांविषयी! परंतु 1875 साली पुण्यात ज्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू झाली, ते न्यायमूर्ती रानडे स्वतः न्यायखात्यातलेच होते. तेव्हा कोर्टकचेरीचे वारे या व्यासपीठाला अगदीच परके नाही, असे समजून मी धीर केला.

आरंभीच सांगतो की मी वकील नाही. चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. उदाहरण सुटले की नाही हे पाहण्यापेक्षा ते कोणत्या पायरीवर चुकले हे पाहण्याची सवय त्यामुळे जडली. आज जे सांगणार आहे ते त्या सवयीतून निघालेले आहे.

आमचे गिरीज आपण सर्वांनी पाहिलेले आहे. एका अंगाला हिराडोंगरी आणि तिच्यावरचे दत्ताचे देऊळ, खाली वाड्या, केळी, पानवेली आणि विहिरी. आमच्या वाड्या लहान. एकेका वाडीला एक आजा, त्या आजाचे पाच मुलगे आणि तीन मुली, आणि त्यांची पुढची प्रजा. सातबाऱ्यावरची नावे वाचताना शाळेतली हजेरी घेत आहोत असे वाटावे! अशा वाड्यांवर आता चारपाच मजल्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत. माझ्या धाकट्या लेकीने आणि जावयाने अशाच एका इमारतीत दोन खोल्यांची सदनिका पसंत केली. इमारतीचा तिसरा मजला तेव्हा चढत होता. म्हाताऱ्या आईबापांच्या जवळ राहावे एवढीच तिची इच्छा. किमतीच्या दहा टक्के रक्कम त्यांनी भरली.

बांधकामवाल्यांच्या कचेरीत त्यांना चहा मिळाला आणि चहाबरोबर एक सल्लाही मिळाला. "वकिलाचा खर्च कशाला करता? आमचे वकील आहेतच, तेच तुमचेही कागद पाहतील." लेक म्हणाली, "बाबा, पैसे वाचले." मी म्हणालो, "वर आणि वधू या दोन्ही पक्षांकडून एकच माणूस देण्याघेण्याचे बोलायला बसला, तर तो कोणाच्या बाजूने बोलेल?" तिला ते पटले. मग वसईतल्या एका वकिलांकडे आम्ही स्वतंत्रपणे गेलो. निम्मी फी आगाऊ दिली, कागदांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निश्चिंत होऊन घरी आलो. आमची पहिली चूक तीच.

सहा आठवडे गेले. फोन केला तर "साहेब कोर्टात आहेत." प्रत्यक्ष गेलो तर "मास्तर, काळजी करू नका, सगळे ठीक आहे." काय ठीक आहे, हे विचारले की "ते तुम्हांला कळायचे नाही." इकडे कचेरीतून पत्र आले की अमुक तारखेपर्यंत करारनामा नोंदवला नाही तर आरक्षण रद्द समजू. बँकेने मंजूर केलेल्या कर्जाची मुदतही संपत आली होती. लेकीच्या डोळ्यांत पाणी. आणि अशा वेळी माणूस काय करतो? कागद न वाचता सही करतो. आळशी किंवा उदासीन वकिलामुळे होणारे खरे नुकसान हे आहे. उशीर सोसता येतो, पण तो उशीर आपल्याला आंधळेपणाने सही करण्याच्या टोकाला आणून सोडतो.

येथे थोडे थांबून वकिलाचे काम तरी काय, ते पाहू. इंग्लंडात घर घेणाराचा सॉलिसिटर जवळजवळ सगळा व्यवहारच आपल्या हाताने पार पाडतो. मुंबईतही सॉलिसिटरांच्या पेढ्यांची जुनी परंपरा आहे. आपल्याकडे वसई-विरारमध्ये मात्र वकिलाचे काम बहुधा तीन गोष्टींत असते. जमीन ज्याने दिली त्याची ती खरोखर होती काय, तिच्यावर इमारत बांधायला परवानगी आहे काय, आणि करारनाम्यात आपल्या गळ्याला फास लावणारे कलम कोणते. पहिल्या गोष्टीसाठी तीस वर्षांचा शोध घेतात. दुसऱ्या गोष्टीत नुसती झेरॉक्स पाहून भागत नाही. या भागात 1990 पासून सिडको नियोजन पाहत होती, पुढे 2009 साली महापालिका झाली आणि हे काम तिच्याकडे आले. तेव्हा परवानगीचा कागद कोणी दिला, कधी दिला आणि त्या कचेरीच्या दप्तरात तो आहे काय, हे जाऊन पाहावे लागते. नालासोपाऱ्याच्या पूर्वेला 41 इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, ते काम 2025च्या आरंभी संपले. ती जमीन कचराभूमी आणि सांडपाणी प्रक्रिया यांसाठी राखलेली होती. तेथे राहणाऱ्यांनी पैसे दिले होते, त्यांच्याजवळ कागदही होते. आरक्षणाचा नकाशा मात्र त्यांना वेळेवर कोणी उघडून दाखवला नाही.

आता कोणी म्हणेल, "मास्तर, महारेरा आहे ना!" आहे, आणि ती मोठी सोय आहे. 2016च्या त्या कायद्याने करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याला बंदी केली. जमिनीच्या मालकीत दोष निघून नुकसान झाले तर भरपाई मागता येते, आणि त्या मागणीला मुदतीची आडकाठी नाही. परंतु पाचशे चौरस मीटरांपर्यंतची जमीन, किंवा आठपर्यंत सदनिका, असा लहान प्रकल्प असला तर त्याला नोंदणीचे बंधन नाही. गिरीजच्या वाड्यांचे आकार आठवा, म्हणजे मी हे का सांगतो ते ध्यानात येईल. शिवाय महारेराच्या संकेतस्थळावर मालकीहक्काचा जो अहवाल असतो, तो बांधकामवाल्याच्या वकिलाने दिलेला असतो. तो वाचावा, जरूर वाचावा, पण आपल्या वकिलाने तोच अहवाल नवे शीर्षक घालून आपल्या हाती ठेवू नये, एवढीच अपेक्षा.

पुन्हा गोष्टीकडे येतो. एके रात्री मी वही घेऊन बसलो आणि वकीलसाहेबांना पत्र लिहिले. रागाचा एकही शब्द त्यात येऊ दिला नाही. ज्यांना "होय" किंवा "नाही" किंवा "पाहिले नाही" असेच उत्तर देता येईल, असे सात प्रश्न तेवढे लिहिले. आपण तीस वर्षांचे फेरफार पाहिले काय? सर्व वारसांच्या सह्या विकसन करारावर आहेत काय? इतर हक्कांच्या रकान्यात कुळाची नोंद आहे काय? जमीन गहाण आहे काय? बांधकाम परवानगी महापालिकेच्या दप्तरात पडताळली काय? ताब्याची तारीख करारात आहे काय, आणि ती चुकल्यास काय? आणि शेवटी, आपण या बांधकामवाल्याचे अन्य काही काम करता काय? पत्राची पोच घेतली आणि आठ दिवसांची मुदत दिली. त्याच दिवशी दुसरे पत्र बांधकामवाल्याला दिले की सही करण्यास आम्ही तयार आहोत, परंतु अमुक कागद आपल्याकडून आलेले नाहीत. हे दुसरे पत्र फार महत्त्वाचे असते. उशीर कोणामुळे झाला याची नोंद त्याने आपल्या बाजूला राहते.

तोंडी प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते आणि ते वाऱ्याबरोबर जाते. लेखी प्रश्नाला उत्तर देताना वकिलाला आपले नाव खाली घालावे लागते, म्हणून तो तरी कागद उघडतो. आमच्या साहेबांनी पाचव्या दिवशी निरोप धाडला की एवढा अविश्वास असेल तर दुसरा वकील पाहा, मात्र उरलेली फी दिल्याशिवाय कागद मिळणार नाहीत.

यावर मी घाबरलो असतो, पण एका जुन्या विद्यार्थ्याने मला एक निकाल दाखवला. आर. डी. सक्सेना नावाचे वकील भोपाळच्या एका सहकारी बँकेचे काम पाहत. बँकेने काम काढून घेतले तेव्हा फीची बाकी दाखवून त्यांनी फायली अडवून ठेवल्या. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फीसाठी अशिलाचे कागद अडकवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, फी हवी असेल तर दावा करावा. त्या वकिलांना समज देण्यात आली. या निकालाचा उल्लेख करून मी तीन ओळींची चिठ्ठी पाठवली. दुसऱ्या दिवशी कागद मिळाले. केलेल्या कामापुरती फी आम्ही दिली, हेही सांगितले पाहिजे. वकील बदलणे हा अशिलाचा हक्क आहे, पण पैसे बुडवणे हा नव्हे.

तक्रार कोठे करावी, असे आपण विचाराल. इंग्लंडात 2010 पासून वकिलांच्या सेवेबद्दलच्या तक्रारी ऐकणारा एक स्वतंत्र लोकपाल आहे. आपल्याकडे तसा नाही. ग्राहक मंचाकडे जावे असे पुष्कळांना वाटे, परंतु 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचे ठरवले. उरते ती महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल, आणि गाफीलपणाने खरेच नुकसान झाले असेल तर दिवाणी दावा. बार कौन्सिल 1961च्या कायद्याच्या 35व्या कलमाखाली गैरवर्तनाची तक्रार घेते. फोन न उचलणे हे गैरवर्तन ठरत नाही. दोन्ही पक्षांचे काम लपवून करणे, पैसे वा कागद दाबून ठेवणे, हे ठरू शकते. तक्रार एका वर्षात निकालात निघावी असे कायदा म्हणतो. परंतु सदनिकेचा करार वर्षभर थांबत नाही, म्हणून मी कोणालाही आधी तक्रारीची वाट सांगत नाही. आधी कागद हातात घ्या, वकील बदला, मग राग उरला असेल तर तक्रार करा.

नव्या वकील बाई तरुण होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत कागदावर लिहून दिले की अमुक पाहीन, अमुक पाहणार नाही, इतके दिवस लागतील, इतकी फी. फी विचारायला आपण लाजतो आणि मग काम विचारायलाही लाजतो, ही आपली मध्यमवर्गीय खोड आहे. दहाव्या दिवशी त्यांचे उत्तर आले आणि त्यात एक ओळ होती. मूळ मालक वारले तेव्हाच्या वारसनोंदीत तीन मुलगे आणि एक मुलगी होती. पुढच्या फेरफारात मुलीचे नाव कमी केलेले. कशावरून? तलाठ्याकडे दिलेल्या एका अर्जावरून. नोंदवलेले हक्कसोडपत्र नाहीच.

अशा नोंदी आपल्या तालुक्यात घरोघर सापडतील. हिंदू कुटुंब असो, 1956च्या वारसा कायद्याने आणि 2005च्या दुरुस्तीने. ख्रिस्ती असो, 1925च्या कायद्याने. बापाच्या मिळकतीत मुलीला वाटा आहे. स्थावर मिळकतीतला हक्क साध्या अर्जाने सुटत नाही, आणि फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकी देणारा दस्त नव्हे. बांधकामवाल्याच्या अहवालात या बाईंचा उल्लेख नव्हता. आमच्या पहिल्या वकिलांचे "सगळे ठीक आहे" ते हे!

त्या बाईंना मी ओळखत होतो. शेजारच्या गावी दिलेल्या, आता सत्तरीच्या पुढच्या. भेटायला गेलो तेव्हा पडवीत सुपात काही निवडत बसल्या होत्या. अर्जावरचा अंगठा तुमचा काय, असे विचारले. त्या म्हणाल्या, "मला सही येते मास्तर. मी चौथीपर्यंत शिकले आहे." मी पुढे काही विचारले नाही.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. भावांनी माझ्याशी बोलणे टाकले. बांधकामवाल्याने आधी हात झटकले, मग बँकेच्या वकिलांनीही तीच शंका काढली तेव्हा ते वाटाघाटीला बसले. बाईंनी किती घेतले ते मला ठाऊक आहे, आणि ते मी सांगणार नाही. त्यांचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांच्या कचेरीत रीतसर नोंदवले गेले. कॅमेऱ्यासमोर बसताना त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, दस्तावर सावकाश, जोडाक्षरासह पूर्ण नाव लिहिले, आणि नंतर कारकुनाला विचारले की याची एक प्रत मला मिळेल ना. त्यानंतर तीन आठवड्यांनी माझ्या लेकीचा करारनामा त्याच कचेरीत नोंदवला गेला.

सात प्रश्नांच्या त्या पत्राच्या प्रती मी बरोबर आणल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी जाताना दाराजवळच्या टेबलावरून घ्याव्यात.