लेबल हे उत्पादकाचे वचन
(केदारखेडा, जि. जालना येथे महिला बचतगटांच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



दिवाळी जवळ आली की गावोगावच्या बचतगटांत मेणबत्त्या, उटणे व साबण तयार होऊ लागतात. गावात हा माल विकताना लेबलाची उणीव भासत नाही, कारण करणारी व घेणारी एकमेकींना ओळखतात. तोच माल भोकरदनच्या किंवा जालन्याच्या बाजारात गेला म्हणजे ही ओळख मागे राहते. तेथे आपल्या वतीने बोलते ते लेबलच.

मुंबईत गोदरेज यांनी १९१८ साली प्राणिज चरबी टाळून वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. साबणाची वडी पाहून तिच्यात काय आहे हे गिऱ्हाइकाला कळत नाही. ते त्याला सांगावे लागते आणि सांगितलेले खरे असावे लागते.

प्रथम मेणबत्तीचा विचार करू. बांधून विकावयाच्या मालास वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ व त्याखालील आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम लागू होतात. त्यानुसार वेष्टनावर वस्तूचे नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन किंवा नगसंख्या, तयार केल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी दूरध्वनी व पत्ता द्यावा लागतो. हा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असणे आवश्यक आहे. मराठी अवश्य लिहावी, परंतु ती त्याच्या जोडीला. वेष्टनबंद माल भरण्यास आरंभ केल्यापासून ९० दिवसांच्या आत नोंदणीसाठी अर्जही करावयाचा असतो. मेणबत्ती पडद्यापासून व मुलांपासून दूर ठेवावी, ही सूचना आपण होऊन छापावी.

साबण व उटणे यांची गोष्ट वेगळी आहे. शरीराच्या स्वच्छतेसाठी किंवा सौंदर्यासाठी अंगाला लावावयाची वस्तू १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाखाली येते. पूर्वी या व्याख्येतून साबण वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सवलत संपली. तरीही घरगुती साबणाला परवाना लागत नाही, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार विक्रीसाठी उत्पादन करावयाचे तर परवाना हवा. लेबलावर त्याचा क्रमांक, घाण्याचा म्हणजे बॅचचा क्रमांक (साबणावर त्याऐवजी तयार केल्याचा महिना व वर्ष), वापराची मुदत आणि घटकद्रव्यांची यादीही हवी. जे द्रव्य अधिक, ते यादीत आधी लिहावे. सुबक लेबल छापल्याने परवान्याची उणीव भरून निघत नाही.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हाताने केलेला साबण वाळताना त्यातील पाणी उडून वजन घटते. म्हणून ओल्या वडीचे वजन छापू नये. ती पुरती वाळल्यावरच तोलावी. दुसरे असे की, ‘खरूज बरी होते’, ‘डाग जातात’ अशी रोगनिवारणाची भाषा लेबलावर घालू नये. असा दावा केला की ती वस्तू औषध ठरू शकते आणि औषधाचे नियम अधिक कडक आहेत.

हे ऐकून कोणी निराश होऊ नये. या हंगामात मेणबत्तीपासून प्रारंभ करावा. साबण व उटण्याच्या परवान्यासाठी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चौकशी करावी. परवानाधारक कारखान्याच्या जागेत आपला माल तयार करवून घेण्याचीही सोय नियमांत आहे. तिला ‘लोन लायसन्स’ म्हणतात.

ग्रामपंचायत सदस्यांनी अर्जाच्या कामी गटांना साहाय्य करावे. शिक्षकांनी लेबलाचा मजकूर छापण्यापूर्वी एकदा तपासून द्यावा. भगिनींनो, लेबलावर आपल्या गटाचे व गावाचे नाव असेल. परगावच्या अनोळखी घरातील बाळाच्या अंगाला तो साबण लागणार आहे. जे स्वतःच्या लेकराच्या बाबतीत खात्रीने सांगता येईल, तेवढेच लेबलावर लिहावे.