नाव काय तुमचं?

मंडळी, वॉरंट असताना पोलिसांना खोटं नाव सांगणं हा विषय ऐकून मागच्या बाकावर हशा पिकला, म्हणून आधी सांगतो: वॉरंट निघायला माणूस दरोडेखोर असावा लागत नाही. पतसंस्थेला दिलेला चेक वटला नाही, कलम एकशे अडतीसची केस लागली, रोप लावणीच्या घाईत दोन तारखा चुकल्या, की निघालं वॉरंट. त्याला मुदत नसते. बजावणी होईपर्यंत किंवा कोर्टानं रद्द करेपर्यंत ते जिवंतच असतं. ‘चार वर्षं झाली, मिटलं असेल’ हा आपला लाडका गैरसमज.

मग एका रात्री फोंडा घाट चढून येताना दाजीपूरजवळ नाकाबंदी लागते. तपासणी गोव्याच्या दारूची, पण हवालदार नाव विचारतो आणि गडी घाबरून चुलतभावाचं नाव सांगतो. परक्याचं सांगून चालत नाही. वडिलांचं नाव, गाव, जन्मसाल लागोपाठ विचारलं तर अडखळायला होतं. म्हणून बळी घरातलाच जातो. पुढचा दंड, नोंद, समन्स सगळं त्या भावाच्या नावावर. तो पोलीस भरतीची तयारी करत असेल, तर चारित्र्य पडताळणीच्या वेळी त्याला ही भानगड कळायची!

आणि स्वतः तरी सुटतो का? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९ पाहा. एरवी विनावॉरंट अटक होत नाही असा किरकोळ गुन्हा असला, तरी नाव खोटं वाटलं तर खात्री करण्यापुरती अटक करता येते. कायद्यानं बांधील असताना मुद्दाम खोटी माहिती दिली, तर न्याय संहितेच्या कलम २१२ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. तोतयेगिरी करून फसवणूक केल्याचं ठरलं, तर कलम ३१९ आणि पाच वर्षांपर्यंत. मूळ वॉरंट आहे तिथंच. वर जामिनाच्या वेळी सरकारी वकील म्हणणार, हा नाव बदलून पळणारा आहे.

कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराजची तर यात हयात गेली होती. पासपोर्ट बदलले, नावं बदलली. १९८६च्या मार्चमध्ये तिहार तुरुंगातून पळाला आणि ६ एप्रिलला पर्वरीच्या हॉटेलात मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंड्यांनी त्याला धरला. झेंड्यांनी त्याला १९७१ मध्येही पकडलं होतं; चेहरा पाठ होता. आता तर २०२२च्या कायद्यानं बोटांच्या ठशांबरोबर डोळ्यांची बुबुळंही नोंदवता येतात.

अडवलं तर खरं नाव सांगा आणि वॉरंट दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. जामीनपात्र असेल तर त्यावर लिहिल्याप्रमाणे जामीनदार देऊन तिथंच सुटका होते. अजामीनपात्र वॉरंट निघाल्याचं कळलं, तर पोलीस दारात येण्याची वाट न बघता वकिलासोबत कोर्टात हजर व्हा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. न्यायाधीश साहेब रागावतील, कदाचित दंड करतील. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा. तारीख का चुकली ते अर्जात खरं लिहा. दवाखान्याचा कागद असला तर जोडा; नसला तर कुठून पैदा करू नका.