काचेच्या बांगडीचा सांधा

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



गोव्यातील लग्नघरी चुडा भरण्याचा दिवस मोठ्या आनंदाचा असतो. कासार येतो, वधूच्या हातात हिरव्या बांगड्या चढतात आणि शेजारच्या सुवासिनीही हात पुढे करतात. या बांगड्या कोठून आल्या असे विचारले, तर आपण जवळच्या बाजाराचे नाव सांगतो. वास्तविक आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या काचेच्या बांगड्यांचा फार मोठा भाग उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद या एकाच शहरात तयार होतो. ताजमहाल पाहण्यासाठी आग्र्याला जाणारे प्रवासी पुष्कळ. तेथून पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या या शहरात उतरणारे थोडे. उत्तरेच्या प्रवासात मी तेथे दोन दिवस राहिलो, मालकाच्या परवानगीने एका कारखान्यात काच फुंकून पाहिली आणि बांगडीचे काम पायरीपायरीने समजून घेतले. त्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम काच म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. काचेचा मुख्य घटक वाळू, म्हणजे सिलिका. ती एकटी वितळवावयाची तर सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. तीत सोडा मिसळला म्हणजे ती बरीच कमी उष्णतेत वितळते. परंतु केवळ वाळू आणि सोडा यांची काच पाण्यात विरघळते. म्हणून चुना घालावा लागतो. वाळू विरघळविणारा सोडा आणि टिकाऊपणा देणारा चुना, असा हा त्रिवेणी संगम आहे. रंगासाठी धातूंची संयुगे अगदी अल्प प्रमाणात घालतात. कोबाल्टने निळा रंग येतो, मँगनीजने जांभळा, तर लोहाच्या अंशाने हिरवट छटा येते.

गंगा-यमुनेच्या दुआबात जमिनीवर रेह नावाचा खारा थर फुटतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो शापच. पण जुन्या शीशगरांनी त्याच रेहपासून काच केली. आज कारखान्यांत तयार सोडा वापरला जातो. तथापि शेतीला निरुपयोगी ठरलेल्या मातीतून एक धंदा उभा राहिला, ही गोष्ट शाळेत मुलांना अवश्य सांगण्याजोगी आहे.

काचेचा इतिहास आपल्या भागालाही परका नाही. तेर आणि कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी येथील उत्खननांत काचेच्या प्राचीन वस्तू सापडल्या. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी भारतीय काचेचा साद्यंत इतिहास लिहिला आणि मुंबई विद्यापीठाने तो १९६९ साली प्रसिद्ध केला. स्वदेशीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काच कारखाना निघाला. पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस ओगले बंधूंनी कारखाना काढला आणि त्यांचा प्रभाकर कंदील खेडोपाडी पोहोचला. तो कारखाना कालांतराने बंद पडला. कारखाना बंद पडला म्हणजे यंत्रे विकली जातात. पण कारागिराच्या हातातील विद्या विकत घेता येत नाही, ती त्या हाताबरोबर जाते.

ही हातातील विद्या म्हणजे काय, याची कल्पना मला फुंकणी हाती घेतल्यावर आली. फुंकणी ही माणसाच्या उंचीएवढी लोखंडाची पोकळ नळी. भट्टीत सुमारे १४०० अंशांवर वितळलेली काच मधासारखी दाट असते. नळीचे टोक तीत बुडवून फिरविले की तिच्यावर काचेचा गोळा गुंडाळला जातो. बाहेर आल्यापासून नळी अखंड फिरवीत राहावयाची. फिरणे थांबले की गोळा एका बाजूस ओघळतो. लोखंडी पाट्यावर लोळवून त्याला आकार द्यावयाचा आणि मग हलकी फुंकर घालावयाची. गालांतला जोर येथे कामाचा नाही. संथ, मोजका श्वास हवा. काच गार होऊ लागली की श्वास आत शिरत नाही. फार तापलेली असली तर फुगा एकीकडेच पातळ होऊन फुटतो. या दोहोंमधला क्षण उस्ताद काचेच्या रंगावरून ओळखतो. माझ्या हातून झालेला वाकडा पेला त्यांनी हसत बाजूला ठेवला आणि म्हणाले, “साहेब, काच वाट पाहत नाही.” तयार वस्तूही लगेच उघड्यावर ठेवून चालत नाही. निराळ्या भट्टीत ती सावकाश निववावी लागते. नाही तर आतील ताणामुळे आपोआप तडकते.

आता बांगडी. वितळलेल्या काचेचा रंगीत गोळा दुसऱ्या भट्टीपाशी नेतात. तेथे एक कारागीर त्यातून तार ओढतो आणि ती फिरत्या बेलनावर गुंडाळत जाते. बेलनावरून उतरते ते काचेचे लांबच लांब वेटोळे. ते उभे कापले की शेकडो कडी सुटी होतात. मात्र प्रत्येक कड्याचे तोंड उघडे असते आणि दोन टोके एका पातळीत नसतात. तीनशेहून अधिक कड्यांची एक जुडी, तिला तोडा म्हणतात. हे तोडे कारखान्यातून बाहेर पडतात आणि वस्तीतील घराघरांत जातात.

तेथे दोन कामे होतात. कडे ज्योतीवर धरून टोके समोरासमोर आणणे, ही सधाई. आणि ती टोके तापवून एकमेकांस चिकटविणे, ही जुडाई. ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात. ज्योत हलू नये म्हणून उन्हाळ्यातही पंखा लावता येत नाही. बंद खोलीत धूर, डोळ्यांवर ताण, बोटांना चटके. आणि मजुरी मिळते ती तोड्याच्या हिशेबाने. बांगडी स्वस्त मिळते तिचे रहस्य भट्टीत नाही, या खोलीत आहे. आपल्या हातातील साधी बांगडी उजेडात धरून हळूच फिरविल्यास तो सांधा बोटाला लागतो. तो कोणा भगिनीच्या हाताचा असतो.

येथे कायद्याची थोडी माहिती देणे आवश्यक आहे. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी परिसरातील २९२ उद्योगांना कोळसा व कोक सोडून नैसर्गिक वायू वापरण्याचा किंवा स्थलांतर करण्याचा आदेश दिला. त्यानंतर फिरोजाबादच्या भट्ट्यांत वायू आला. १९८६ च्या बालकामगार कायद्यान्वये काच व बांगड्यांचे काम धोक्याचे गणले गेले, आणि २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कोणत्याही उद्योगात कामावर ठेवण्यास बंदी झाली. असंघटित कामगारांसाठी झालेल्या २००८ च्या कायद्यात घरी बसून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या झाली व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती कायम राहिली. २०२१ पासून ई-श्रम नोंदणीही सुरू आहे. स्मारकाच्या दगडाला धुरापासून संरक्षण मिळाले हे योग्यच झाले. त्याच तत्परतेने जुडाई करणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांना व फुप्फुसांना संरक्षण मिळावे, अशी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

आपण इतक्या दूर राहून काय करू शकतो? शिक्षकांनी सहलीचा कार्यक्रम आखताना मंदिरे व किल्ले यांच्या जोडीला एखादी कार्यशाळा अवश्य घ्यावी. मुलांना नुसते पाहू देऊ नये. सुरक्षित असेल तेथे हात लावू द्यावा आणि कारागिराच्या मोडलेल्या वेळाचे मोल चुकते करावे. आपल्याकडेही कुंभार, लाखकाम करणारे व समया घडविणारे आहेत. आरंभ तेथून करता येईल. पंचायतींनी घरी बसून काम करणाऱ्या आपल्या गावातील स्त्रियांची, मग त्या विड्या वळोत वा शिवणकाम करोत, ई-श्रम नोंदणी झाली आहे किंवा नाही हे पाहावे. त्यांची कामे घराच्या भिंतीआड होतात, म्हणून ती मोजणीतून सुटतात.

आपल्या मराठीत बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढली असे म्हणतात. फिरोजाबादेत हे शब्दशः खरे होते. फुटलेल्या बांगड्या गोळा होतात व पुन्हा भट्टीत पडतात. अशी भंगार काच दर १० टक्के मिसळल्यास सुमारे अडीच ते तीन टक्के इंधन वाचते, असा या उद्योगाचा अनुभव आहे. काच कितीही वेळा वितळवून नवी करता येते. तिला सांधणारे हात मात्र एकदाच मिळतात. त्यांची किंमत बांगडीच्या दरात यावी, एवढे म्हणून मी आपली रजा घेतो.