रोहित्राचे भूसंपर्कन आणि शाळेची मुले
(प्राथमिक शिक्षकांसाठी भाषण)



औरंगपुऱ्याच्या पेठेतील दिवा असो की एखाद्या वस्तीशाळेतील, त्याच्यापर्यंत येणारी वीज रोहित्रातूनच येते. गावकरी त्याला ‘डीपी’ म्हणतात. ११,००० व्होल्टचा दाब तेथे ४३३ व्होल्टवर उतरतो. हे यंत्र उघड्यावर, पाऊसपाण्यात आणि पुष्कळदा शाळेच्या वाटेवरच उभे असते. त्याच्या पायथ्याशी जमिनीत गेलेल्या लोखंडी पट्ट्या कशासाठी असतात, हे शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

जमीन वीज ‘पिऊन टाकते’ असा समज आढळतो. तो बरोबर नाही. वीज आपल्या उगमाकडे, म्हणजे रोहित्राच्या न्यूट्रलकडे परतते. जमीन ही केवळ तिची वाट होय. वाट सुगम असेल तर दोषाच्या वेळी प्रवाह मोठा होऊन फ्यूज वितळतो. वाट बिकट असेल तर फ्यूज शाबूत राहतो आणि खांब भारलेलाच राहतो. समजा, भूसंपर्काचा रोध ५ ओहम असून त्यातून २० अँपिअर प्रवाह वाहिला, तर खांबावर १०० व्होल्ट दाब चढतो. म्हणून न्यूट्रलला आणि रोहित्राच्या टाकीला प्रत्येकी दोन स्वतंत्र भूजोडण्या देण्याचा नियम आहे. एक तुटली तरी दुसरी राहावी, हा त्यातील हेतू.

रोध शून्य कधीच होत नाही. यास्तव मोठ्या उपकेंद्रात जमिनीखाली लोखंडी सळ्यांची जाळी पसरतात आणि टाकी, कुंपण, फाटक हे सर्व धातूचे भाग तिला जोडतात. तारेवर बसलेल्या कावळ्यास धक्का बसत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. येथेही तत्त्व तेच. वर पसरलेली खडी पायांकडे येणारा प्रवाह रोखते.

मराठवाड्याची काळी जमीन ओली असताना वीज चांगली वाहते. उन्हाळ्यात मात्र तिला भेगा पडतात आणि नळीभोवतीची माती सुटते. खाली काळा पाषाण लागतो, तो वीज सहजी वाहत नाही. म्हणून सुमारे अडीच मीटरची नळी कोळसा व मीठ घालून पुरतात आणि खड्ड्यात पाणी घालतात. यासंबंधीचे भारतीय मानक ३०४३ हे १९६६ साली निघाले. १९८७ व २०१८ साली त्यात सुधारणा झाली.

दोष असता खांबापासून दूर जावे तसा जमिनीचा दाब उतरत जातो. बैलाचे पुढचे व मागचे पाय दूर असल्याने त्यांच्यामधील दाबाचा फरक मोठा पडतो आणि प्रवाह हृदयाजवळून जातो; माणूस वाचतो तेथे जनावर दगावते, ते यामुळेच. हा पाठ अंगणात शिकवता येईल. खडूने एकात एक वर्तुळे काढून त्यांवर १००, ६०, ४०, ३० असे आकडे लिहावेत. लांब टांग टाकणाऱ्या मुलाच्या दोन पायांतील फरक वर्गाने मोजावा. नंतर पाय जुळवून उभे राहणाऱ्याचा मोजावा. तुटक्या तारेपासून पाय जवळ ठेवून, जमिनीवरून घासत का दूर व्हावे, हे मुले स्वतःच सांगतील.

खांबाला वा ताणाच्या तारेला जनावर बांधू नये, कपडे वाळत घालू नयेत, कुंपणात चेंडू गेल्यास आत शिरू नये, हे नियम मग निराळे पाठ करवावे लागणार नाहीत.

शेवटी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. भूसंपर्काची पट्टी गंजली, तुटली वा चोरीस गेली, तरी दिवे बहुधा लागतच राहतात. त्यामुळे उणीव कोणाच्या लक्षात येत नाही. ती अपघाताच्या दिवशीच कळते. त्या वाटेने रोज जाणाऱ्या शिक्षकाची नजर येथे उपयोगी पडेल. तुटलेल्या पट्टीस हात न लावता, मुलांना दूर ठेवून, लाइनमनला अथवा १९१२ या क्रमांकावर तत्काळ कळवावे.