गावाचा नकाशा कोण काढणार?

(देवणी इथं सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त झालेल्या शिक्षिकांच्या मेळाव्यातलं भाषण)



शाळेत आपण सगळ्याजणी जिल्ह्याचा भूगोल शिकलो. नद्या, पिकं, सीमा घोकल्या. स्वतःच्या गावाचा भूगोल लिही, असं मात्र कुणी सांगितलं नाही. ते मोठ्या माणसांचं काम! त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ लिहिलं, ते महसूल खात्यातले. ना. गो. चापेकरांनी १९३३ साली बदलापूरवर पुस्तक केलं, ते न्यायाधीश. दोन्ही पुस्तकं मोलाचीच. पण घराघरातलं पोर ओळखणारी शाळेतली बाई हे काम का करू शकणार नाही?

आपल्याच तालुक्यातल्या एका बाईंनी ते सुरू केलंय. नाव सांगितलेलं त्यांना आवडणार नाही. सातवीच्या मुलांना त्या म्हणाल्या, ‘गावाचा नकाशा काढा.’ मुलांनी पार, मारुतीचं देऊळ, ग्रामपंचायत, खेळायचं माळरान काढलं. मुलींनी हापसा, पिठाची गिरणी, सरपणाची वाट काढली. एकीनं हायस्कूलच्या रस्त्याचा तुकडा काळा केला होता. बाईंनी विचारलं तर म्हणाली, ‘हा नाला. इथल्या छेडछाडीमुळं माझ्या दोन मैत्रिणींची शाळा सुटली.’

कुठल्या पुस्तकात हा नाला आहे? बाईंनी तो नकाशा ग्रामसभेत मांडला. काहीजण हसले. तिथं दिवा अजून लागलेला नाही. पण मुली आता घोळक्यानं जातात, आणि सुटलेल्या दोघींपैकी एक परत शाळेत आली आहे.

मग बाईंनी मुलांना आज्यांकडे पाठवलं. आपला हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होता. पुढं मुंबई राज्य, जिल्हा उस्मानाबाद. १९६० साली महाराष्ट्र झाला, १९८२ साली लातूर जिल्हा, १९९९ साली देवणी तालुका. आजीची चूल जागची हलली नाही, जिल्हे मात्र तीन झाले! आणि औराद-भालकीकडचं तिचं माहेर परराज्यात गेलं. पुस्तकात ही सीमा म्हणजे एक रेघ. नवरा गेल्यावर जन्माचा दाखला, शाळेचा दाखला गोळा करत फिरणाऱ्या बाईला विचारा, रेघ केवढी रुंद असते. दाखला कानडीत, कचेरी मराठीत. अशा बायांबरोबर मी हेलपाटे घातले आहेत.

देवणी जनावरांचे वानेरा, बालंक्या, शेवरा हे प्रकार आपल्याला ठाऊक असतात, त्याचा अभिमानही असतो. असावाच. पण गोठ्यातलं शेण काढणारी, वैरण आणणारी बाई त्या माहितीत कुठं असते?

बायांकडे इतिहास नसतो असं म्हणणाऱ्यांना जात्यावरच्या ओव्या दाखवा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन खेड्यापाड्यांतल्या बायांकडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. लिहायला न शिकलेल्या बायांनी आपलं जग ओवीत नोंदवून ठेवलं होतं. ऐकणारं कुणीतरी जायला हवं होतं, एवढंच.

तेव्हा बायांनो, प्रत्येक शाळेत एक वही घाला. मुलींच्या नजरेतून गावाचा नकाशा काढा. आज्यांच्या आठवणी लिहा, आणि खाली सांगणारीचं पूर्ण नाव घाला, ‘अमक्याची आई’ नको. शेत कुणाच्या नावावर, पाणी कोण भरतं, कुठल्या वाटेवर भीती वाटते, सगळं लिहा.

सावित्रीबाईंनी आपल्या हाती पाटी दिली. तिच्यावर आपलं गाव आपणच लिहायचं आहे.